नाकाडोंगरीच्या लग्नातला आवाज

नकली मॅकवर अपडेटचं बटण दाबायचं नसतं. असलं मशीन ज्याने कधी जोडलंय त्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं आणि मलाही ठाऊक होतं. तरी मी ते दाबलं.

तेव्हा लाखनीत हायवेला लागून माझं शूटिंगचं आणि मिक्सिंगचं दुकान होतं. मिक्सिंग म्हणजे लग्नाचं शूटिंग कापायचं, जोडायचं, त्यावर गाणी चढवायची आणि डीव्हीडी करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. ज्या प्रोग्रामवर मला हे काम जमायचं तो फक्त मॅकवर चालतो, आणि असली मॅक घ्यायची माझी ऐपत नव्हती. म्हणून नागपूरच्या बाजारातून मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड असे सुटे भाग आणून मी एक कॉम्प्युटर उभा केला आणि बऱ्याच खटपटीने त्याची समजूत घातली की तू मॅक आहेस. अशा मशीनला हॅकिंटॉश म्हणतात. बाबा पाटबंधाऱ्यात कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्या दिवशी चहूबाजूंनी फिरून मशीन पाहिलं आणि विचारलं, असली आहे का नकली? मी म्हटलं, आतून असली, बाहेरून नकली. यावर शिक्का नाही म्हणजे नकलीच, असा निकाल देऊन ते घरात गेले. घर दुकानाच्या मागेच होतं.

बाबा आमच्या भागातले बौद्धाचार्य. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यांनी अर्ज करून भंडाऱ्याकडची बदली मागून घेतली, कारण इकडच्या गावोगावची लग्नं त्यांच्या तोंडून लागत. अड्याळपासून तुमसरपर्यंत लोक त्यांना बोलवायचे. निवृत्तीनंतर तर आमची जोडीच झाली. मी गाडी चालवायचो, ते मागे बसायचे, त्यांच्या मांडीवर माझी कॅमेऱ्याची बॅग. बाप लगीन लावते अन् पोरगा फोटो काढते, दोघं मिळून एका दिवसात घर भरतात, असं लोक चिडवायचे. बाबा लग्न लावायचा एक पैसा घेत नसत. पण चिडवणाऱ्याला ते कशाला सांगायचं.

त्यांचा आवाज असा होता की माईक बंद पडला तरी मांडवाच्या मागच्या खुर्चीपर्यंत जायचा. वंदना, त्रिशरण, पंचशील, मग नवरा-नवरीची प्रतिज्ञा. हे सगळं झालं की ते दोघांना समोर उभं करून चार शब्द आपले स्वतःचे बोलायचे. ते कुठे लिहिलेले नव्हते. बायका त्या बोलण्यासाठी जेवणाची पंगत सोडून यायच्या. माझ्या लहान बहिणीने तर कॉलेजात असतानाच बजावून ठेवलं होतं, की माझ्या लग्नात बाबा बोलतील ते सगळं पाहिजे, एक शब्द कमी चालणार नाही. आई गेल्यावर तिला वाढवलं बाबांनी, त्यामुळे तिचा हट्ट म्हणजे शेवटचा हुकूम.

तिचं लग्न ठरलं आणि त्याच महिन्यात बाबांच्या जिभेखालची गाठ निघाली. चाळीस वर्षांचा खर्रा, तंबाखू-सुपारीचा. साहेब बदलले, ऑफिस बदललं, खर्र्याची पुडी बदलली नाही. नागपूरला डॉक्टरांनी अर्धा जबडा आणि जीभ काढली. दीड महिना मी दवाखान्यात होतो आणि तिथे माझं काम एकच, समोर येईल त्या कागदावर सही करायची आणि हो म्हणायचं. या तपासणीला हो, त्या इंजेक्शनला हो, नळी टाकायला हो. माझ्या खिशातही पुडी होती. ती मी दवाखान्याच्या गेटबाहेर जाऊन खात होतो, हेही सांगून टाकतो.

घरी आल्यावर बाबांच्या नाकात नळी, तोंडावर बांधलेला दुपट्टा आणि मांडीवर शाळेची पाटी. फोनवर टाइप करून दाखवा म्हटलं तर त्यांना ते पटेना. त्यांनी पाटीवर लिहिलेलं पहिलं लांब वाक्य असं होतं, की लग्न मी लावणार होतो, आता दुसरा कोणी बघा. बहीण ते वाचून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला ते सहन झालं नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, दुसरा कायले, तुमचा आवाज माझ्याजवळ पडला आहे, पाहिजे तेवढा. मांडवात स्पीकरवर लावू. विधी तुमच्याच आवाजात होईल आणि तुमचं बोलणंही. बहीण दारात येऊन उभी राहिली होती.

"दादा, खरंच हाये ना तुझ्याजवळ?"

"शंभर लग्नं हायेत. तू पाह्य फक्त."

लग्नाला बावीस दिवस होते. मी दुकान उघडलं, दीड महिन्याची धूळ झटकली, मशीन चालू केलं. पडद्यावर नेहमीचा डबा आला, नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? याआधी मी तो डबा पन्नास वेळा बंद केला असेल. त्या दिवशी हात सरळ हो वर गेला. दीड महिन्याची सवय होती, दुसरं कारण नाही. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, सफरचंदाचं चिन्ह दिसलं, त्याखालची पट्टी अर्ध्यापर्यंत भरली आणि पडदा काळा झाला. मॉनिटरवर एक निळी चौकट फिरायला लागली, सिग्नल नाही.

खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मी फारसा घाबरलो नाही. कपाटात मिक्सिंग झालेल्या लग्नांच्या डीव्हीडी होत्या, एक-एक कॉपी मी ठेवतच असे. त्या घरी आणून टीव्हीवर लावल्या. पहिल्या डीव्हीडीत बाबा पांढऱ्या सदऱ्यात उभे, ओठ हलताहेत आणि वर शहनाई. दुसरीत ओठ हलताहेत आणि वर सिनेमाचं गाणं. तिसरी, चौथी, सातवी. मी पुढे पुढे पळवत गेलो. आमच्या धंद्यात असंच करतात. मांडवातला मूळ आवाज म्हणजे गोंगाट, पोरांचं रडणं, जनरेटर. तो काढून टाकायचा आणि गिऱ्हाईक यादी देईल ती गाणी चढवायची. मिक्सिंग झालं की मूळ फायली उडवायच्या, नाहीतर पुढच्या लग्नाला डिस्कवर जागा कुठून येणार? शंभर लग्नांत मी बापाचा आवाज स्वतःच्या हाताने पुसला होता आणि त्याचे पैसे घेतले होते. बहीण माझ्या मागे उभी राहून हे सगळं बघत होती. तिने टीव्ही बंद केला.

एकच लग्न उरलं होतं, नाकाडोंगरीचं, बाबांनी लावलेलं शेवटचं. नवऱ्याकडच्यांनी गाण्यांची यादीच दिली नव्हती. आज देतो उद्या देतो करत राहिले, म्हणून ते तसंच कच्चं पडून होतं, मूळ आवाजासकट. आणि ते होतं त्या काळ्या पडद्याच्या मशीनमध्ये.

दुसऱ्या दिवशीपासून मी मशीनच्या मागे लागलो. दुकानाच्या शेजारी राईस मिल होती. धानाचा कोंडा उडून सगळीकडे बसायचा, चहाच्या कपातसुद्धा. माझी खात्री पटली की ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात कोंडा गेला आणि कार्ड तापून गेलं. मशीनचा डबा उघडला, कार्ड बाहेर काढलं, ब्लोअरने फुंकलं. मूठभर कोंडा निघाला. आता होणार म्हणून बटण दाबलं, तर चिन्ह, अर्धी पट्टी आणि काळोख. मग कार्डाचे सोनेरी पाय खोडरबरने घासले. मग केबल बदलली. कार्डाला पडद्याची वायर लावायला चार भोकं होती, चारही आळीपाळीने पाहिली. सेतू केंद्रातून जुना मॉनिटर मागून आणला. शेवटी कार्डच काढून ठेवलं आणि मदरबोर्डच्या आपल्या भोकाला वायर लावली, तर चिन्हही दिसेना. बाकी प्रत्येक वेळी तेच. मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा गावात माझा बोलबाला होता. त्या आठवड्यात मला कळलं की मला फक्त जुळलेलं चालवता येतं, बिघडलेलं कळत नाही.

मध्ये लोडशेडिंग. मिलचा पट्टा थांबायचा, ट्रकांचे हॉर्न तेवढे राहायचे आणि मी उघड्या डब्यापुढे बसून मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे लेख वाचायचो. जगात कुठे कुठे माणसं काळ्या पडद्यापुढे बसली होती. कोणी म्हणे हा आकडा बदल, कोणी म्हणे ती फाईल टाक. माझं इंग्रजी कामापुरतं. एकाने सांगितलेलं करून पाहावं तर खाली दुसऱ्याने लिहिलेलं असायचं, हे करू नका, माझं होतं तेही गेलं.

मग डिस्क काढून दुसरीकडे लावायचं डोक्यात आलं. सेतू केंद्रातल्या कॉम्प्युटरला लावली. तो विंडोजवाला, त्याला मॅकची मांडणी कळत नाही. त्याने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? केंद्र चालवणारा माझ्याच वयाचा, कामात तरबेज. त्याचा हात माऊसवर होता आणि बाण हो च्या दिशेने निघालाही होता. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून कोरं. मी वायरच उपटली. तो रागावला, अशाने डिस्क जाते म्हणाला. मी डिस्क पिशवीत न टाकता छातीशी धरून दुकानापर्यंत आलो.

नागपूरला एका स्टुडिओवाल्याकडे असली मॅक होता. त्याच्याशी माझी जुनी ओळख. डिस्क घेऊन ये, पाहून घेऊ, म्हणाला. मी सकाळच्या एसटीने गेलो. त्याचं मशीन जुनं आणि माझ्या डिस्कची मांडणी नव्या पद्धतीची. त्याच्या मॅकला समोर डिस्क आहे हेच दिसेना. असली जुना पडला आणि नकली पुढे निघून गेला, असं म्हणून तो हसला. एरवी मीही हसलो असतो. परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून बसलो आणि भंडारा येईपर्यंत रडलो. शेजारी एक बाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या.

घरी बाबांना काय सांगू? त्यांना नळीतून दूध द्यायची वेळ माझी असायची. ते पाटी समोर धरत. त्यावर प्रश्नचिन्ह एवढंच. मी होऊन राहिलं, होऊन राहिलं, म्हणायचो. बहिणीने तर विचारणंच सोडलं होतं. पत्रिका छापून आल्या, त्यात लग्न कोण लावणार ती जागा तिने कोरी ठेवायला लावली होती.

नवव्या दिवशी दुपारी बाबा स्वतः दुकानात आले. चालताना भिंत धरत होते. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि उघडा डबा, बाहेर काढलेलं कार्ड, वायरींचा गुंता बघत राहिले. मी रडकुंडीला आलो होतो. त्यांना एकेक करून सांगितलं, हे बदललं, ते बदललं, आता बदलायला काही उरलं नाही. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "फाईल कोणत्या टेबलावर अडकते?"

मला आधी चीड आली. आयुष्यभर कारकुनी केली की मरणाच्या दारातही माणूस फाईलच बघतो, असं मनात आलं. पण मग मी बोट दाखवून सांगायला लागलो, की बटण दाबलं की मेनू दिसतो, मग चिन्ह दिसतं, मग पट्टी अर्धी भरते, आणि तिथे… सांगता सांगता मीच थांबलो. चिन्ह दिसतं याचा अर्थ कार्ड चांगलं आहे, वायर चांगली आहे, मॉनिटर चांगला आहे. नऊ दिवस मी जी टेबलं पालथी घातली त्या सगळ्यांनी आपली सही केलेली होती. अडत होतं ते पुढच्या टेबलावर. कार्डाला चालवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. चिन्हानंतर कार्ड त्याच्या ताब्यात जातं. तो मॅकच्या नेमक्या आवृत्तीला जुळणारा लागतो. मी आवृत्ती नवी केली आणि ड्रायव्हर जुनाच राहिला.

बाबांनी खाली लिहिलं, "त्याला वगळ. साहेबाकडे सरळ पाठव."

तसं करता येतं, हे मी त्या परदेशी लेखांत वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण तसं केलं की कार्डाची ताकद जाते आणि मिक्सिंगचा प्रोग्राम उघडत नाही. पण मला मिक्सिंग करायचंच कुठे होतं? कार्ड जागेवर बसवलं. सुरुवातीच्या मेनूत एक ओळ असते, तिथे आणखी एक शब्द टाइप केला, की या कार्डाचा ड्रायव्हर उचलू नकोस. चिन्ह आलं, पट्टी अर्धी झाली, अर्ध्याची पूर्ण झाली आणि पडद्यावर चित्र आलं. जाडंभरडं, खिडकी सरकवली तर थांबत थांबत सरकणारं, पण चित्र. मी बाबांचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

प्रोग्राम अपेक्षेप्रमाणे उघडला नाही. पण त्याच्या पेटाऱ्यात शिरून मूळ फायली उचलता येतात. नाकाडोंगरीचं सगळं शूटिंग मी पेन ड्राइव्हवर घेतलं. मशीनचा आवाजही अपडेटमध्ये गेला होता, त्यामुळे तिथे ऐकून बघता आलं नाही. मला वाटलं बरंच झालं, तिघं मिळून एकदमच ऐकू.

बहिणीने हात पुसले आणि टीव्हीपुढे चटई टाकून बसली. बाबा खाटेवर. मी पेन ड्राइव्ह लावला.

मांडव दिसला, मेणबत्त्या दिसल्या, आणि बाबांचा आवाज आला. मी त्या आवाजात वाढलो होतो, पण तो असा होता हे मला दीड-दोन महिन्यांत विसरायला झालं होतं. वंदना, त्रिशरण, पंचशील. बहीण पदर तोंडात धरून रडत होती. बाबा टीव्हीकडे अशा नजरेने बघत होते, जसं कारकुनाने दुसऱ्याचं अक्षर तपासावं. कुठे चुकलं का, एवढंच बघत होते. प्रतिज्ञा झाल्या. मग पडद्यावरच्या बाबांनी दोघांना समोर घेतलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाई, भाऊ, आता दोन मिनिटं माझं ऐका. हे पुस्तकातलं नाही."

आणि त्याच्यावर माझा आवाज आला. कॅमेऱ्याचा माईक कॅमेऱ्यावरच असतो, त्यामुळे कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज त्यात सगळ्यात मोठा उमटतो. बाबांपेक्षा मोठा, मांडवापेक्षा मोठा.

"बाबा, आटपा ना जी. बॅटरी संपून राहिली."

पडद्यावरच्या बाबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. मग त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवले, "बरं. सुखी राहा," म्हणाले, आणि बाजूला झाले.

मग खडू पाटीवर घासल्याचा आवाज आला. बाबांनी पाटी माझ्याकडे वळवली. "बॅटरी खरंच संपली होती?"

मी म्हणालो, "हो ना बाबा. दोनच टक्के होती."

टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की तो एक फाईल संपली की दुसरी आपणच सुरू करतो. माझं वाक्य पुरतं झालं आणि पडद्यावर वरात आली. डीजे, लाल-निळे दिवे, नवऱ्याचे मित्र, नवऱ्याचा मामा डोक्यावर खुर्ची घेऊन नाचणारा. त्याच दिवसाचं, त्याच कॅमेऱ्याचं, त्याच बॅटरीवरचं. मला आता सगळं आठवलं. त्या मामाने येऊन सांगितलं होतं की डीजेवाला थांबायला तयार नाही, आणि नाच नीट आला नाही तर बाकीचे पैसे विसर. आणि मला भूक लागली होती. आणि बाबांचं ते बोलणं मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला मिलच्या आवाजासारखं झालं होतं, कानावर पडायचं आणि ऐकू येत नव्हतं.

मी रिमोट घ्यायला उठलो. बाबांनी तो आधीच उचलला होता. त्यांनी टीव्ही बंद केला नाही. नाच सुरू राहिला, एक फाईल, दुसरी, तिसरी. बहीण उठून आत गेली, भांड्यांचा आवाज यायला लागला. मला जाता येईना आणि बसवेना. सव्वा तास बाबांनी तो नाच पाहिला, शेवटी पडद्यावर मी कॅमेऱ्याचा दिवा बंद करतो तिथपर्यंत. मग पाटीवर लिहिलं, "नाच चांगला घेतला." त्यात टोमणा होता का, हे मी आजही सांगू शकत नाही. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर आम्ही ते बोलणं गोळा करायचा प्रयत्न केला. मी ओळखीच्या नवरा-नवरींना फोन केले. कोणाला एक वाक्य आठवत होतं, कोणाला दुसरं, आणि कोणाचं कोणाशी जुळत नव्हतं. साकोलीकडच्या एका बाईने सांगितलं, की ते जोडपं बघून बोलायचे, प्रत्येकाला वेगळं सांगायचे. मी शंभर वेळा त्यांच्यासमोर दहा फुटांवर उभा होतो आणि मला हेसुद्धा माहीत नव्हतं. बाबांना लिहून द्या म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. लिहून येत नाही, एवढं लिहिलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. विधी पवनीकडच्या एका बौद्धाचार्यांनी पार पाडला, आणि वंदनेपासून प्रतिज्ञेपर्यंत स्पीकरवर बाबांचा आवाज होता. जिथे माझा आवाज येतो त्याच्या अलीकडे मी कापलं होतं. चांगलं कापलं होतं, कोणाला कळलं नाही. लोक रडत होते. बाबांच्या आवाजाचं कौतुक करत होते, माझं करत होते, की पोराने बापाचा आवाज जपून ठेवला. मी कॅमेरा धरून उभा होतो आणि ते ऐकून घेत होतो.

आवाज थांबला. पवनीचे गृहस्थ पुढचं सांगायला वळले, तेवढ्यात बाबा पहिल्या रांगेतून उठले आणि भिंत नव्हती म्हणून खुर्च्यांच्या पाठी धरत बहिणीसमोर जाऊन उभे राहिले. जावयालाही हाताने जवळ ओढलं. चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांच्या तोंडावरचा दुपट्टा हलायला लागला. आवाज नव्हता, आतल्या आत थोडीशी घरघर. ते बोलत होते. घाई न करता, मध्ये थांबून, एकदा जावयाकडे बोट करून, ते पुरं बोलले. बहीण त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती आणि मान डोलवत होती. डीजेवाला कोपऱ्यात हात बांधून उभा होता.

ते सगळं माझ्याकडे आहे. बाबा दिवाळीआधी गेले, त्यानंतर तो भाग मी किती वेळा लावला असेल. कापडाच्या हलण्यावरून एखादा शब्द लागतो का म्हणून हळू करून पाहिलं, थांबवून पाहिलं. लागत नाही. बहिणीला मी एकदाच विचारलं, ते काय म्हणाले.

"मले समजलं," ती म्हणाली. काय ते तिने सांगितलं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायचा मला हक्क आहे असं मला वाटत नाही.